बापूकाकांच्या खडखड्या

बाबांचा फोन दुपारी कधी येत नाही. कोलकात्यात बहूबाजारातल्या त्यांच्या गलाईच्या दुकानात दुपारी भट्टी पेटलेली असते, आणि सोनं वितळत असताना ते देवाशीसुद्धा बोलायचे नाहीत. म्हणून डमडम मेट्रोच्या जिन्यावर भरदुपारी फोनवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हाच मी कठडा धरून उभी राहिले. "बापू गेला गं," ते म्हणाले. सकाळी चहा घेतला, दुसरा कप मागितला, आणि तो यायच्या आत... बाबांना पुढे बोलता येईना. मग एकदम म्हणाले, "दुसरा कप मागून गेला बघ. म्हणजे पहिला चांगला झाला असणार." आम्ही दोघं आधी हसलो आणि मग रडलो. बापूकाकांची आठवण आली की अजूनही याच क्रमाने होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिणारीही पहिलीच, त्यामुळे असं काही कसं लिहितात मला नीट ठाऊक नाही. पाहिलं ते सांगते. बापूकाका आमच्या नात्यातले नव्हते. बाबांच्या गावचे, सांगलीकडचे सुतार. गावातली गलाईवाली पोरं कोलकात्यात आली, त्यांना दुकानात काउंटर करून हवे होते, म्हणून काका दोन महिन्यांसाठी आले आणि जन्मभर राहिले. त्यांना इथे धरून ठेवलं ते खडखडीने. इथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना आडव्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा असतात, बहुतेक हिरव्या. मधली उभी दांडी खाली ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात, वर ढकलली की मिटतात. ऊन बाहेर, वारा आत. "पहिली खडखडी बघितली आणि मी तिची नुसती उघडमीट करत बसलो. शेवटी घरमालकाने हाकललं," असं काका अभिमानाने सांगायचे. मग एका बंगाली मिस्त्रीच्या हाताखाली ते काम शिकले आणि पुढे जुन्या घरांच्या खिडक्यांशिवाय दुसरं काही केलंच नाही. सोबतीला हारूदा, तेही मिस्त्री. काका मराठीतून भांडायचे, हारूदा बंगालीतून, आणि दोघांचं काम एकाही शब्दावाचून अडायचं नाही.

मला सिव्हिल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बाबा सातवी शिकलेल्या माणसाच्या काळजीने विचारत होते, चार वर्षं पोरगी शिकणार तरी काय? काका म्हणाले, "मी मोडलेलं नीट करतो. ती मोडूच नये म्हणून शिकणार. माझ्या पोटावर पाय आहे, पण पाठव तिला." त्यानंतर मी त्यांच्यासाठी कायमची 'इंजिनेरबाई' झाले.

या उन्हाळ्यात कॉलेजने एखाद्या जुन्या इमारतीच्या भागाची मोजमापं काढायला सांगितली, आणि मी काकांच्या मागे बालीगंजला गेले. तिथे एका जुन्या दुमजली घरात माशीमा, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, आवाज चाळिशीतला. घराला चौदा खडखड्या. त्यांचा मुलगा अनिंद्यदा बंगळूरला असतो. त्याला त्या सगळ्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या होत्या. माशीमांनी त्याच्याकडून एका खिडकीपुरती सवलत मिळवली होती. "एक करून दाखव, बापू," त्या म्हणाल्या. "त्याला पटली तर चौदाही तुझ्या. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंच आहे."

काकांनी पहिली झडप उतरवली, सुटी केली आणि पट्ट्या गच्चीवर मांडल्या. जुनं सागवान आणायला जाताना मला म्हणाले, "रंग तेवढा खरवडून ठेव." मी रंग खरवडला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा हिरवा. खाली लाकूड लागलं, आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला बारीक चिरा दिसल्या. एकीला दोन, एकीला तीन, कुठे फुलीसारखं काहीतरी. मला वाटलं, लाकूड खराब झालंय. काकांना खूश करावं म्हणून मी पॉलिश पेपर घेतला आणि दिवसभर घासून सगळ्या पट्ट्या आरशासारख्या केल्या.

काका आले. एक पट्टी उचलली, टोकावरून अंगठा फिरवला. दुसरी उचलली. मग खाली बसले. "लई गुळगुळीत केलंस गं," ते हळूच म्हणाले. "पण आता ह्या आपापलं घर विसरल्या." त्या चिरा म्हणजे पहिल्या सुताराच्या खुणा होत्या. जुनी चौकट कधीच काटकोनात नसते, म्हणून त्याने एकेक पट्टी तिच्या जागेपुरती कापली होती आणि कुठली कुठे ते पटाशीने लिहून ठेवलं होतं. ते मी पुसलं होतं. एका खिडकीवर चौदा खिडक्या टांगलेल्या होत्या, आणि मी... मला रडू आवरेना. हारूदांनी मला पाणी दिलं आणि काकांना बंगालीत काहीतरी सुनावलं. काका म्हणाले, "मी कुठं ओरडलो? रडून झालं की पट्ट्या उचल म्हणावं."

तीन दिवस आम्ही एकेक पट्टी एकेका जागी लावून पाहिली. काका स्वतः लावायचे नाहीत. मला लावायला लावायचे आणि डोळे मिटून दांडीचा आवाज ऐकायचे. "ही पाहुणी आहे, उठव तिला," म्हणायचे. शेवटी एक पट्टी अशी उरली की ती कुठेच बसेना, आणि एक जागा रिकामी. काकांनी ती उलटसुलट केली आणि मोठ्याने हसले. ती दुसऱ्याच खिडकीची होती. पूर्वी कधीतरी कुणीतरी ती ठोकून बसवली होती. "बघ, इंजिनेरबाई, तुझ्याआधी पण एक इंजिनेर इथं येऊन गेलाय!" माशीमा गच्चीवर येऊन उशीर का झाला म्हणून रागावल्या, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली." त्यांच्या तोंडचं ते 'आमच्याकडून' मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होते.

रिकाम्या जागेपुरती काकांनी सागवानाची नवी पट्टी कापली आणि खिडकी लागली. अनिंद्यदाने फोनवरच्या व्हिडिओत दांडी खालीवर होताना पाहिली आणि म्हणाला, "ठीक. पण मी येईन तेव्हा हाताने लावून बघणार. एक जरी अडली तरी सगळ्या बदलायच्या." काका वाकून फोनला म्हणाले, "या तर खरं." सहा खिडक्या झाल्या, आणि सातवी गच्चीवर सुटी पडलेली असताना काका गेले.

सातवी हारूदांनी आणि मी केली. कॉलेज सुटल्यावर जायचे. खुणांना बोटसुद्धा लावलं नाही. गेल्या आठवड्यात ती बसवली, आणि दोनच दिवसांनी अनिंद्यदा आला. तीन आठवडे पावसाने उसंत दिली नव्हती. पहिल्या सहा खिडक्या त्याने लावल्या, उघडल्या, पुढे सरकला. सातवी खालच्या कोपऱ्यात अडली. अगदी केसाएवढी.

"मिस्त्री गेले, काम गेलं," तो म्हणाला. वाईट हेतूने नाही, दमलेल्या माणसासारखा. "रंधा मारा ना इथे. दोन मिनिटांचं काम आहे." हारूदांनी माझ्याकडे पाहिलं. दोन मिनिटांत खिडकी लागली असती आणि चौदाही वाचल्या असत्या. पण काका पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला रंधा लावत नसत. आज तासलं की थंडीत फट पडते, मग झडप वाऱ्यावर जन्मभर आपटत राहते. "लाकडाला थोडा वेळ द्यायचा," म्हणायचे, आणि गिऱ्हाईक चिडलं तर चिडू द्यायचे.

"आत्ता नाही मारायचा," मी म्हणाले.

"कोण म्हणतं?"

काकांचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण ते असते तर 'माझ्यामागे लपू नकोस' म्हणाले असते. "मी म्हणते," मी म्हणाले. "जानेवारीत मी परत येते. तेव्हाही अडली तर मी स्वतः रंधा मारते, आणि मग तुम्ही सगळ्या बदला."

अनिंद्यदाने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग आईला म्हणाला, "जानेवारीपर्यंत तू रोज हिच्याशी कुस्ती खेळणार?"

"खेळेन की," माशीमा म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, झडपेला खांदा लावला आणि ढकलली. खिडकी कुरकुरत बंद झाली. तो हसला. ॲल्युमिनियमवाल्याला त्याने जानेवारीनंतरचं सांगितलंय.

उरलेल्या सात आम्ही करतोच आहोत. काल संध्याकाळी जिना चढताना वरून माशीमांचा आवाज आला. दिवेलागणीला त्या खिडक्या लावत होत्या. सहा लागल्याचे सहा आवाज आले. मग सातवी कुरकुरली, अडली... आणि माशीमा तिच्यावर ओरडल्या, "बापू, सर बघू बाजूला!"