पाच स्टार, अकोल्याहून

अकोल्याच्या फलाटावर गाडी उभी असताना आईनं मला जो शेवटचा उपदेश केला तो नोकरीबद्दल नव्हता, जेवणाबद्दल होता. "लोकायच्या घरी जेवली तं नावं नोको ठेवजो. खारट असो का आळणी, चांगलं झालं म्हनजो." दादानं माझी बॅग बर्थखाली सरकवली, खिडकीशी येऊन उभा राहिला आणि गाडी हलेपर्यंत एक शब्द बोलला नाही. तो तसाच आहे. बाबा गेल्यावर त्यानं कॉलेज सोडलं ते माझं पूर्ण व्हावं म्हणून, पण हेही त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. गाडी स्टेशनाबाहेर पडली तेव्हा मला रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

पुण्यात नोकरी मिळाली ती नेमकी नावं ठेवण्याची. म्हणजे इतरांनी ठेवलेली नावं वाचण्याची. एका सुपरमार्केट कंपनीच्या ॲपवर गिऱ्हाइकं जे अभिप्राय लिहितात ते आधी आमच्या स्क्रीनवर येतात. खरा असेल तर मंजूर, बनावट किंवा शिवीगाळ असेल तर नामंजूर, आणि माल खराब असल्याची तक्रार असेल तर लगेच क्वालिटीवाल्यांकडे. सुरुवातीला मी हबकून जायची. आमच्याकडे पंगतीत वरण करपलं तरी लोक यजमानाला 'भल्लं मस्त झालं' सांगून हात धुवायला उठतात. इथं बिस्किटाचा कोपरा तुटला म्हणून माणसं तीन परिच्छेद लिहीत होती. हळूहळू मीही त्यांच्यातली झाले. हॉटेलात गार डोसा परत पाठवायला लागले. आईला अर्थातच सांगितलं नाही.

मग कंपनीनं स्वतःच्या नावाचे ज्वारी-जवसाचे फ्लेक्स काढले, सकाळी दुधात घालून खायचे. ते बनायचे अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात, आणि तिथं पॅकिंगचा सुपरवायझर होता माझा दादा. निव्वळ योगायोग. पण आईला हे पटवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. तिच्या लेखी लेकीनं पुण्यात बसून भावाचं भलं केलं होतं, आणि बडनेऱ्याच्या मावशीपासून शेंदूरजनाघाटच्या मामापर्यंत तिनं ते सगळ्यांना सांगून टाकलं. मी मात्र ऑफिसात दादाचं नाव काढलं नाही. कशाला उगाच, असं वाटलं. पहिली चूक ती.

मे महिन्यात अभिप्रायांची हवा बदलली. 'खवट वास येतो.' 'जुन्या तेलासारखी चव.' आधी एखाद-दुसरा, मग रोज. अकोल्याचा मे मला माहीत आहे. जवसात तेल असतं, ते उन्हात लवकर बिघडतं. आमच्या घरी उन्हाळ्यात जवसाची चटणी चार दिवसांपुरतीच कुटायचे. मी दादाला फोन लावला. "माल कुठं ठेवून राहिले तुमी?"

"गोडाऊनमधी. काहून?"

"थंड आहे का तिथं?"

"तू तुहं काम कर ना बाई. मी पाहतो."

तो पाहतो म्हणाला आणि मी आठवडाभर त्या तक्रारी पुढं पाठवल्या नाहीत. नियम लगेचचा होता. दुसरी चूक ही, आणि पहिलीहून मोठी. तिसरी चूक फोनवर झाली. आईनं कारखान्याचं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की दादाच्या मालाला लोक नावं ठेवतायत.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीन उघडली तर पाच स्टारांची रांग लागलेली. अकोला, अकोला, अमरावती, बडनेरा, अकोला. 'भल्ले मस्त झाले. दोनदा वाढून घेतले.' 'आमी चिवडा केला, पाहुने खुश.' 'पोराच्या हाताले चव हाये.' मला हसू आवरेना, हसतच सगळे मंजूर केले. मग पान खाली सरकवलं आणि हसू गेलं. खवट वासाच्या तक्रारी पार तळाला ढकलल्या गेल्या होत्या. यांच्यापैकी कोणाला आपण खोटं बोलतोय असं वाटलंच नसणार. भाच्याच्या घरचं जेवण, नावं कशी ठेवायची?

तरी दादा पाहतोय म्हणून मी थांबले. पाच दिवसांनी नाशिकच्या एका बाईचा अभिप्राय आला. तिच्या आईला वयामुळं वास येत नाही. अकोल्याच्या लोकांनी इतकं कौतुक केलंय म्हणून तिनं पाकीट आणलं, आईनं ते चार दिवसांत संपवलं, आणि आता आई सलाईनवर होती. मी ते वाचलं आणि परत मावशीच्या पाच स्टारांवर गेले.

मावशी, मंजूर केलेला तुझा अभिप्राय मी नामंजूर केला, हे तुला इथंच सांगते. मामाचाही केला, शेजारच्या काकूंचाही. एकेक नाव ओळखीचं होतं, एकेक वाचून मी बटण दाबलं. मग सगळ्या तक्रारी पुढं पाठवल्या आणि खाली लिहिलं, की पॅकिंगचा सुपरवायझर माझा सख्खा भाऊ आहे आणि मी आठवडाभर उशीर केला. दुकानांतून माल परत मागवला गेला, कारखान्याचं काम थांबलं, दादा घरी बसला. मला लेखी ताकीद मिळाली आणि फ्लेक्सचे अभिप्राय एका सहकाऱ्याकडे गेले. नाशिकच्या आजी बऱ्या होऊन घरी गेल्याचं त्यानंच सांगितलं.

मी फोनवर सगळं सांगितलं, तर आई एवढंच म्हणाली, "सख्ख्या भावाले भरल्या ताटावरून उठवलं तुनं." दादाचा फोन नाही, मी केला तर उचलायचा नाही. तीन आठवडे मी डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

मग एका दुपारी सहकाऱ्यानं हाक मारली. "हे तुमच्याकडचं दिसतंय. मला अर्थ नीट लागत नाहीये. वाच ना जरा." एक स्टार होता. खाली दादाचं पूर्ण नाव.

'हा माल मी पॅक केला. गोडाऊनची गार हवेची मशीन बंद पडली तवा पोते पत्र्याखाली ठेवले होते. वास मले पहिल्याच दिवशी आला. मालकाले एकदा सांगतलं, मंग गप बसलो. नाशिकच्या बाईची माफी मागतो. तक्रार पाठवनारी माही बहीन हाये. तिले कोनी काही म्हनू नोका.'

"काय म्हणतोय? छापायचं का?" त्यानं विचारलं. अर्थ लागत नाही, नामंजूर कर, असं म्हटलं असतं तर तो बिचारा लगेच बटण दाबून मोकळा झाला असता. मी बाहेर जाऊन दादाला फोन लावला. या वेळी त्यानं उचलला.

"दादा, हे छापलं तं अकोल्यात तुले कोनी कामावर घेनार नाही."

"मालूम हाये मले." मग त्यानंच विचारलं, "तुनं वाचलं ना?"

"वाचलं."

"मंग छाप. अन् घरी कधी येतं, ते सांग."

मी आत आले आणि सहकाऱ्याला शब्दन् शब्द अर्थ सांगितला, एकही सौम्य केला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मंजूर केलं.

दादाला अजून काम मिळालेलं नाही. येत्या शनिवारी मी अकोल्याला जाते आहे. आई दार उघडून बोलेल की पाठ फिरवेल, माहीत नाही. मावशीनं तर बोलणं टाकलंच आहे. मला भीती वाटते, आणि तरी कधी एकदा पोहोचते असं झालंय. माझ्यासारखे बाहेर पडलेले जे कोणी हे वाचत असतील त्यांना कळेल. इतकी भीती वाटूनही जिथं जावंच लागतं, त्यालाच आता मी घर म्हणते.