जिताड्याचं पान राहिलं

शुभदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर बसमध्ये अडकले होते. बालवाडीच्या शिक्षिकांचं शिबिर होतं. चित्रपुस्तकांतून लहान मुलांना निसर्ग कसा सांगावा, यावर खरं तर ताईच बोलणार होत्या. "मला जरा दम लागतोय गं, या वेळी तू जा," असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. फोनवर त्यांचा भाचा होता. "मावशी गेली… झोपेतच." बस जागची हलत नव्हती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो?" मी एवढंच म्हटलं, "आमच्या बाई गेल्या." शिबिरात दाखवायला त्यांनीच दिलेलं पुस्तक माझ्या मांडीवर होतं.

ठाकुर्लीजवळ खाडीकाठी आमचं गाव. आम्ही आगरी. आजोबांची भातशेती आणि मिठागर, वडिलांच्या वेळी त्याच जमिनीवर बिल्डिंगी उठल्या. घरात पैसा आला, पण कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारो न विचारो, सांगतेच. बी.ए. झाले, लग्नही गावातच झालं, आणि गावच्या समाजमंदिरात ताईंची बालवाडी चालायची तिथे मी लागले. ताई डोंबिवलीच्या, शाकाहारी घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. विकतच्या चित्रपुस्तकांत अस्वलं आणि बर्फ. आमच्या पोरांनी बघितलेली ती खाडी. म्हणून ताई जाड पुठ्ठ्यावर स्वतः चित्रं रंगवून पुस्तकं करायच्या. वाचून दाखवायची त्यांची रीतही वेगळी. पान उघडायचं आणि गप्प बसायचं. पोरांपैकी कुणीतरी बोलेपर्यंत ताई तोंड उघडायच्या नाहीत. सुरुवातीला मला ती शांतता सोसायची नाही, मीच मध्ये बोलायचे. ताई नुसत्या बघायच्या माझ्याकडे.

त्यांनी खाडीवर पहिलं पुस्तक केलं त्यात एक चंदेरी मासोळी प्लास्टिकच्या पिशवीत अडकते, आणि मुलं तिला सोडवतात. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'मासे आपले मित्र. त्यांना त्रास देऊ नका.' पोरांना पुस्तक इतकं आवडलं की गावातल्या पोरांनी मासळी खायचं सोडलं! माझी मुलगी रेवा तेव्हा बालवाडीतच होती. तिने ताट सरकवलं आणि माझ्या आईला म्हणाली, "आज्जी, तू मित्राला मारलंस." आई दुसऱ्या दिवशी चार शेजारणी घेऊन बालवाडीत हजर. "काय गो बाय, पोरांना काय शिकवतंस? आमचे घरान मासली शिजते न् पोरं ताटावरून उठतान! आमचे पोरांना भाजीपाल्यावर ठेवाचा हाय काय?" मागून एकीने टोला हाणला, "उद्या बोलंल, भात पन मित्र हाय!" सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. मला वाटलं, आता बालवाडी बंद पडते.

त्या संध्याकाळी ताई माझ्या माहेरी आल्या. आईने रेवाला मुद्दाम त्यांच्यासमोर जेवायला बसवलं आणि बोईटाचं कालवण वाढलं. ताईंच्या ताटात भाकरी आणि वालाचं बिरडं. रेवा ताईंकडे बघत बसली. ताई म्हणाल्या, "खा रेवा."

"मग पुस्तकात खोटं लिहिलंय?"

"ते मी लिहिलं होतं. माझं चुकलं."

पाच वर्षांच्या पोरीला कुणी मोठं माणूस असं म्हणालेलं आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. रेवाने कालवणात भात कालवला. मग आई खाडीकडे हात करून म्हणाली, "आमी मासली खातो, म्हनून आमाला वाटते खारीन मासली रव्हाला पायजे. हल्ली शिजवली का राकेलचा वास येते, त्या लिव्ह ना पुस्तकान."

तिथून नवं पुस्तक सुरू झालं. दर रविवारी सकाळी ताई आमच्या मागच्या दारी ओट्यावर रंग घेऊन बसायच्या. माझा भाऊ जाळ्यातून जे आणेल ते आई कापायच्या आधी त्यांच्यापुढे ठेवायची. निवटी, बोईट, खरबी, चिंबोरी. त्या मासळीला काय लागतं, ती कुठे दिसेनाशी झाली, हे आई सांगायची, ताई चित्रात आणायच्या. एकेक पान तीनतीनदा रंगवायच्या. मी वैतागायचे. "ताई, मोबाइलवर फोटो मिळतो ना!" तर म्हणायच्या, "तो आपल्या खाडीतला नाही गं." शेवटचं वाक्य त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'खाडी आपल्याला जेवू घालते. तिला काय खायला घालायचं, ते आपण ठरवायचं.'

सगळी पानं झाली, जिताड्याचं राहिलं, खाडीतल्या मोठ्या, मानाच्या माशाचं. आई ऐकेना. "जिताडा नाय तं खारी कसली?" आणि जिताडा काही मिळेना. पूर्वी लग्नाच्या पंगतीला पुरायचा म्हणे. मी एकदा म्हटलं, "ताई, ते पान सोडा, पुस्तक मुलांच्या हातात जाऊ दे." ताई म्हणाल्या, "मुलांना एकदा खोटं सांगून झालंय माझं." मग आम्ही वाट बघत राहिलो. आईचं वय झालंय, तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हायला हवं, असं ताईच मला बजावायच्या. काळजी होती ती आईची. ताईंकडे कुणाचं लक्षच नव्हतं… दम लागतोय म्हणाल्या, तर मी म्हटलं, जिने चढून लागला असेल.

मी आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. चिडली. "आर्दा पुस्तक टाकून गेली?" एवढंच म्हणून भांडी घासायला बसली.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. बालवाडी मी चालवते. पान उघडते आणि गप्प बसते. ती शांतता मला अजून जड जाते, पण पोरं बोलतात. नव्या पुस्तकाची पानं घरी कपाटात आहेत. ती तशीच शिवावीत की काय करावं, माझं ठरत नाही.

गेल्या रविवारी भावाच्या जाळ्यात जिताडा आला. लहानच, वीतभर जेमतेम. आईने तो ताटात घालून मागच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि बाजूला पाटावर बसली. मी चहा दिला, तो गार झाला. ताई चित्र काढत असायच्या तेव्हा मासळीचा रंग उतरू नये म्हणून आई मधूनमधून तिच्यावर पाणी शिंपडायची. आताही तिने तांब्यात हात बुडवला आणि शिंपडलं. ऊन ओट्यावर आलं. पुन्हा शिंपडलं.

"आई, खराब होईल. काप आता."

"थांब गो," आई म्हणाली. "रंग हाय अजून."