शहाळं संपतानाचा आवाज
न्यूमोनियातून वाचून मी राजाजीनगरच्या घरी आलो, तेव्हा भेटायला येणारा जो तो शहाळं घेऊन यायचा. मला शहाळ्याची किळस बसली होती. पाण्याची नव्हे. पाणी तळाला गेलं की स्ट्रॉ घर्र घर्र करते ना, त्या आवाजाची.

आयसीयूत माझ्या घशात व्हेंटिलेटरची नळी होती. तिच्यात दुसरी बारीक नळी सारून नर्स कफ ओढून काढायची, तेव्हा अगदी हाच आवाज यायचा. जीव गुदमरायचा आणि आपलाच पिवळा, चिकट कफ डोळ्यांदेखत सरकत जायचा.

"वाघ आहात हो तुम्ही," शेजारच्या अक्का म्हणायच्या. मी कसनुसं हसायचो.

पुढे बेळ्ळंदूरला ऑफिस सुरू झालं आणि मॅनेजरनं ठरवलं की मी सगळ्यांसमोर मनोबलावर बोलायचं. बायकोलाही बोलावलं. स्टेजवर माझा हसरा फोटो, त्याखाली 'फायटर'. पाहुण्यांच्या हातात शहाळी. माझं कौतुक करून मॅनेजर शेजारी येऊन बसला आणि त्यानं स्ट्रॉ तळापर्यंत खुपसली.

घर्र.

मी उठलो, पण दारापर्यंत पोचलो नाही. शोभेच्या कुंडीत भडभडून ओकलो. बूटसुद्धा भरले.

"कोई बात नहीं, फायटर है अपना!" मॅनेजर ओरडला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ओकण्याला टाळ्या! त्या क्षणी मला त्या सगळ्यांची शिसारी आली.

तोंड पुसून मी माइक घेतला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "मी कसलाही लढा दिला नाही. माझे दोन्ही हात खाटेला बांधले होते. नर्स घशात झुरळं सोडते आहे, असं मला वाटायचं. मरण आलं तर सुटू, एवढंच मनात होतं."

खाली उतरल्यावर मॅनेजर कानाशी लागला, "इतना डिटेल में नहीं जाना था यार. अभी लंच है."

परतताना टॅक्सी ट्रॅफिकमध्ये अडकली. काच बंद असूनही रस्त्याकडेच्या, सांडपाण्यानं भरलेल्या तलावाची घाण आत येत होती.

"हात बांधायला मीच हो म्हणाले होते," बायको म्हणाली. "तुम्ही नळी उपसून काढली होती. रक्त आलं होतं. मला अजून झोपेत तुमची ती मनगटं दिसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे म्हणायचे, आता चांगलं तेवढंच बोला."

आम्ही दोघंही मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाऊ लागलो. वयस्कर कन्नड बाई. त्या म्हणाल्या, "आजार गेला, पण शरीराला अजून ते कळलेलं नाही. स्वल्प स्वल्प करत कळेल." झुरळं तापाची आणि गुंगीच्या औषधांची होती, हे आता मला पटतं. तो आवाज मात्र अजून सोसत नाही. आला की मी उठून जातो, कुणाला कारण सांगत नाही.

एकदा डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "त्या दिवसांत तुम्हाला काय वाटायचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "किळस," ती म्हणाली. "यांचीच. घरी जाऊन घासूनघासून अंघोळ करायचे."

ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण घरी आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.