जेट्टी रिकामी झाली, पण माझ्यामुळे नाही

मंडळी, लाज बाजूला ठेवून सांगतो, आज मी जळलो. चांगलाच जळलो.

आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा मी अध्यक्ष. जेट्टीजवळचा गाळ काढायचा म्हणून सगळ्या होड्या आठवडाभर दुसरीकडे लावायच्या होत्या. मी फळ्यावर तीन नोटिसा लावल्या, ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकले. सगळ्यांचे 'ओके' आले. होडी एकानेही हलवली नाही.

आज सकाळी बघतो तर जेट्टी रिकामी!

हे केलं आमच्या नव्या उपाध्यक्ष हिराताईने. गेले चार दिवस ती मासळी वाळवणाऱ्या बायकांत जाऊन बसत होती. प्रत्येकीला एकच विचारायची, "तुमची होडी कुठं लावली तर सोयीचं पडेल?" जी जागा सांगितली, ती दिली. झालं काम.

सगळे तिचं कौतुक करत होते. मीही हसून टाळ्या वाजवल्या, पण मनात आलं, पंधरा वर्षं माइक माझ्या हातात, आणि मान हिला?

घरी येऊन बायकोजवळ चिडचिड केली, "काल आलेली बाई, तिला काय कळतं?"

बायको सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अवो, ती माझ्याकडं पण येऊन गेली. भाऊजींना सांगून आपली होडी मीच हलवून घेतली. होडी आता कुठं हाय, ते तरी ठाऊक हाय का तुम्हाला?"

नव्हतं.

आता बायकोला विचारायला तोंड नाही. हिराताईला फोन करू, की अख्खी खाडी पालथी घालू? तुम्हीच सांगा.