उकंडा मिस्त्रीची टक टक

पांढरकवड्याचा उकंडा मिस्त्री तोंडाचा मोठा फटकळ, पण प्लास्टर करावं तर त्यानंच! हाताखाली सिमेंटचा मसाला आणून द्यायला आयुष्यभर एकच रेजा, बायको इंदूबाई. मसाला संपला की हा बाबा तोंडानं हाक मारत नसे. थापीच्या दांड्यानं भिंतीवर टक टक करायचा अन् थांबायचा. खालून "आली ना वो!" म्हणत इंदूबाई घमेलं घेऊन चढायची. बाकीचे मिस्त्री चिडवायचे, "उकंडाभाऊ, बायकोले काय दार वाजवून बोलावतं?"

गेल्या साली कावीळ झाली अन् इंदूबाई गेली. तिचं सारं आटोपत नाही तोच एका कंपनीची माणसं आली. त्यांना मशीनला प्लास्टर शिकवायचं होतं. त्यांनी उकंडाच्या हातात तारांचे मोजे चढवले अन् सांगितलं, तुम्ही फक्त काम करा, हात कसा चालतो ते मशीन टिपून घेईल. आपल्याच पोटावर पाय पडून राह्यला हे त्याला कळत नव्हतं थोडंच! पण घरात एकट्यानं रडत बसण्यापेक्षा काम बरं, म्हणून यानं केलं.

औंदा हायवेकडच्या नव्या वसाहतीत ते मशीन आलं. एक लांब हात, हाताला थापी, मसाला नळीतून. सारे मिस्त्री घरी बसले. उकंडाला तेवढं ठेवलं, मशीनपुढचा कचरा उचलायला. आता बोला!

पहिल्याच दिवशी दुपारी तो दारात भाकर खात मशीनकडे पाहत बसला होता. कोपऱ्याशी येताना तो लोखंडी हात जरासा अडखळला. उकंडाचा घास तोंडातच राहिला. लहानपणी मनगट मोडलं तेव्हापासून कोपऱ्याशी असा अडखळायचा तो त्याचा हात. मशीनचं कधी मोडलं, बाप्पा? भिंत झाली. हातानं थापी उलटी केली. टक टक. अन् थांबला. नळीत मसाला भरलेला होता, तरी थांबला. मग आपला आपणच पुढं सरकला.

उकंडाच्या अंगावर सरसरून काटा आला. मोजे घातले तेव्हा इंदूबाई कुठं होती? म्हणजे ती गेल्यावरही हात तिला बोलावतच होता, अन् याला पत्ताच नाही.

संध्याकाळ व्हायला आली तशी कंपनीची इंजिनीअर निकिता आली. तिनंही ते पाहिलं.

"काका, हे उगाच थांबतंय. चूक आहे, उद्या काढून टाकते."

"राहू दे ना, पोरी. तुमचं काय जाते?"

"वेळ जातो हो, काका," ती हळूच म्हणाली अन् खाली गेली.

उद्यापासून इंदूबाईला कोणीच बोलावणार नव्हतं.

शेवटची भिंत झाली. टक टक. हात थांबला. या खेपेला मात्र तो पुढं सरकेना. परत टक टक. उकंडानं दचकून जिन्याकडं पाहिलं. जिन्यावर कोणीच नव्हतं. आणखी टक टक, जराशी जोरात. इंदूबाईला उशीर झाला की उकंडा चिडून करायचा, अगदी तशी.

"माय वो, किती वाट पाहून राह्यला हा!"

कोपऱ्यात सांडलेला मसाला त्यानं घमेल्यात भरला, घमेलं डोक्यावर घेतलं अन् मशीनपुढं उभा राहिला.

"आली ना वो!"

लोखंडी हात वळला. नळी सोडून थापी सावकाश घमेल्यात उतरली. उकंडानं घमेलं आणखी वर धरलं.