साबणाचे तुकडे
लिंबाच्या वासाचा साबण दुकानात हाती आला की मला खंडाळ्याचं ते हॉटेल आठवतं. आई तिथं खोल्या साफ करायची. पाहुण्यांनी वापरून टाकलेल्या साबणाचे तुकडे ती घरी आणायची, ओले करून एकमेकांना चिकटवायची आणि त्या रंगीबेरंगी गोळ्यावर आमचा महिना निघायचा. सहावीत असताना एका रविवारी मी तिच्यासोबत गेले. तिच्या ढकलगाडीत कागदात गुंडाळलेले कोरे साबण होते. घरात तेवढीच बचत होईल अशा समजुतीनं मी एक फ्रॉकच्या खिशात टाकला आणि संध्याकाळी बस स्टॉपवर तिला कौतुकानं दाखवला. ती ओरडली नाही. "टाकलेलं उचलतो आपण, ठेवलेलं न्हाई," एवढंच म्हणाली आणि मला घेऊन परत हॉटेलचा चढ चढू लागली. मॅनेजरसमोर साबण मीच ठेवला, काय केलं तेही मीच सांगितलं. आईची नोकरी जाणार असंच मला वाटत होतं. तो आईला म्हणाला, "मावशी, उद्यापासून तुकडेसुद्धा न्यायचे नाहीत." आई "बरं" म्हणाली. घरी जाताना वाटेत कामशेतच्या बाजारात तिनं एक साबण विकत घेतला, घरी दोऱ्यानं कापून त्याच्या चार वड्या केल्या आणि पहिली माझ्या हातावर ठेवली. माझ्यामुळे तुकडे बंद झाले म्हणून इतक्या वर्षांनी परवा मी तिची माफी मागितली. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुकडं आणायचं मीच बंद केलतं. तुझा काय संबंध?"