रुईवरचं आणि पाचोळ्यातलं

कमरुन्निसा मॅडम लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत. अब्बांची नजर अधू झाल्यापासून शिलाईचं दुकान बंद होतं. घर मॅडमच्या पगारावर चाले. भूकंपाला सहा वर्षं झाली होती आणि शहरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या.

त्या जूनमध्ये पहिल्या तुकडीसाठी चाचणी झाली. किल्लारीकडची तनुजा दोन गुणांनी हुकली. मॅडमनी तिचा पेपर काढून पाहिला. प्रश्न होता : माळावरचं नारिंगी फुलपाखरू आणि जंगलातलं तपकिरी फुलपाखरू शत्रूपासून कशी वाचतात? तनुजानं लिहिलं होतं, तपकिरी पाचोळ्यात लपतं. नारिंगी लपतच नाही. त्याची अळी रुई खाते, रुईचं विष अंगात राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

क्लासच्या छापील पुस्तिकेत मात्र उत्तर होतं, 'दोन्ही लपतात'.

"हे कुठं वाचलंस?" मॅडमनी विचारलं.

"वाचलं न्हाई. जुनं गाव पडलं तिथं ढिगाऱ्यावर लई रुई माजली हाय. आमच्या घराच्या जागेवर बी. तिथं रोज बघायचे."

मॅडम तिचा पेपर घेऊन संचालक साहेबरावांकडे गेल्या. "पुस्तिका गावोगाव पोचल्या," ते म्हणाले. "आता चूक कबूल केली तर पालक पोरं काढून नेतील. विषय बंद."

रविवारी मॅडम पहाटेच्या एसटीनं नांदेडकडच्या जंगलात, इस्लापूरला गेल्या. सहस्रकुंड धबधब्याजवळच्या झाडीत दुपारभर वाकून फिरल्या, तेव्हा कुठं एक तपकिरी सापडलं. नारिंगी परतताना माळावरच मिळालं.

सोमवारी त्यांनी वर्गातला पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, टेबलावर पाचोळा पसरला आणि फुलपाखरांचे दोन्ही डबे उघडले. नारिंगी संथ उडत जाऊन काचेवर बसलं. तपकिरी पाचोळ्यात उतरलं आणि दिसेनासं झालं. तेवढ्यात साहेबराव दारात आले.

"काय चाललंय?"

"सर, एक काचेवर आहे. दुसरं दाखवा."

ते टेबलावर वाकले. पानांवरून नजर फिरवत राहिले. शेवटी त्यांनी हातानं पाचोळा ढकलला, तसं तपकिरी त्यांच्या कानाजवळून भुर्रकन उडालं. हसायची कुणाची छाती झाली नाही.

"तनुजाला दोन गुण द्या," साहेबराव म्हणाले. "आणि मॅडम, उद्यापासून येऊ नका."

तनुजा पहिल्या तुकडीत गेली. साहेबरावांच्या धाकानं ती दोन महिने मॅडमकडे फिरकली नाही. मॅडमना ते लागलं. अब्बांच्या बंद दुकानात त्यांनी स्वतःचे तास सुरू केले. पहिल्या वर्षी सात मुली आल्या.